सासूबाईंनी जपून ठेवलेल्या पिशव्या टाकून देऊ का?

एका ताईंचं पत्र आलंय, बरंच मोठं आहे म्हणून आधी थोडक्यात सांगते. त्यांच्या सासूबाई घरात आलेली एकही प्लॅस्टिकची पिशवी टाकू देत नाहीत. पिशवी आली की ती धुणार, गॅलरीतल्या दोरीवर उन्हात वाळत घालणार, घडी करणार आणि एका मोठ्या पिशवीत कोंबणार, अशी आता तीन बोचकी झालीत, एक ओट्याखाली, एक दारामागे, एक कपाटावर. नवऱ्याला त्या पसाऱ्याचा वैताग येतो. नववीतली मुलगी म्हणते घरातलं सगळं प्लॅस्टिक बाहेर काढा, आणि तिने हट्टाने नव्या कोऱ्या कापडी पिशव्यांचा सेटच मागवलाय. ताईंच्या मनात असं आहे की सासूबाई चार दिवस कुठे गेल्या की सगळी बोचकी उचलून कचऱ्यात द्यायची आणि एकदाचं घर मोकळं करायचं. विचारलंय की टाकून देऊ का, धुतलेल्या पिशवीत खायचं ठेवलेलं चालतं का, आणि घरात तिघांची तीन तोंडं असताना मी कोणाचं ऐकू.

ताई, टाकू नका. आणि सासूबाईंच्या मागे तर अजिबातच टाकू नका, पण त्यावर शेवटी बोलू, आधी पिशव्यांचं बोलूया.

हे बघा, जी पिशवी तुमच्या ओट्याखाली आहे ती बनवताना जे काही तेल-गॅस जळायचं होतं, जो धूर व्हायचा होता, तो होऊन गेलाय. ती तुम्ही आज कचऱ्यात दिलीत म्हणून त्यातलं काहीही परत येत नाही. तिच्याकडून आता एकच फायदा काढता येतो, तो म्हणजे तिच्यामुळे एक नवीन पिशवी घ्यायची वाचणं. एकदा वाचली तर एकदा फायदा, दहा वेळा वाचली तर दहा वेळा. म्हणजे घरात पिशव्या किती साठल्यात यापेक्षा दर आठवड्याला नवीन किती येतायत हे बघायला हवं, आणि तुमच्या अख्ख्या पत्रात तिघांपैकी कोणीही त्याबद्दल एक शब्द बोललेलं नाही. सासूबाई आलेली जपतात, मुलगी आलेली हाकलते, नवऱ्याला आलेली दिसायला नकोय, पण ती येतेच कशाला हे कोणी विचारतच नाही. मला तुम्हाला मुख्य सांगायचंय ते हेच, बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे.

ही हँडलवाली पातळ पिशवी खरं म्हणजे एकदा वापरून फेकायला म्हणून निघालेली नव्हती. स्वीडनच्या सेलोप्लास्ट कंपनीतले इंजिनिअर स्टेन गुस्ताफ थुलिन यांनी ती डिझाइन केली, प्लॅस्टिकची एक सलग नळी घ्यायची, ती खाली-वर वितळवून जोडायची आणि वरचा मधला भाग कापून हँडल काढायचे, इतकं साधं. १९६५ मध्ये तिला अमेरिकेत पेटंट मिळालं. थुलिन यांच्या मुलाने पुढे सांगितलंय की कागदी पिशव्यांसाठी झाडं तोडली जातात म्हणून वडिलांना हा टिकाऊ पर्याय वाटला होता, आणि ते स्वतः घडी केलेली पिशवी खिशात ठेवून बाहेर पडायचे. म्हणजे तुमच्या सासूबाई जे करतात ते ज्याने पिशवी बनवली त्याला अपेक्षितच होतं! फरक एवढाच की थुलिन यांची पिशवी खिशात होती आणि सासूबाईंची ओट्याखाली आहे, आणि खरी गोम तिथेच आहे.

आता मुलीच्या नव्या कापडी पिशव्यांबद्दल. तिचा उत्साह मोडू नका, पण तिला हे आकडे नक्की दाखवा, नववीतल्या पोरीला कळतील. ब्रिटनच्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सीने २०११ मध्ये एक सविस्तर अहवाल काढला होता, त्यात पिशवी बनवण्यापासून तिची विल्हेवाट लागेपर्यंत हवामानावर किती भार पडतो त्याचा हिशोब आहे. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीशी नुसती बरोबरी करायची तर सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. कागदी ३ वेळा, जाड प्लॅस्टिकची ४ वेळा आणि ती कापडासारखी दिसणारी पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकची ११ वेळा. आणि हे १३१ केव्हा, तर पातळ पिशवी एकदाच वापरून टाकली असं धरलं तर. प्रत्येक पातळ पिशवी नंतर डस्टबिनला लावायला वापरली असं धरलं की तोच सुती पिशवीचा आकडा ३२७ वर जातो. सासूबाईंच्या सवयीत काय ताकद आहे ते यावरून बघा, पिशवीला फक्त एक जास्तीचं काम दिलं तर समोरच्या कापडी पिशवीला दुपटीहून जास्त पळावं लागतं.

२०१८ मध्ये डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा अभ्यास आला, त्यात फक्त हवामान बघितलं तर साध्या सुती पिशवीला ५२ वेळा आणि पाणी, ओझोन वगैरे सगळे निकष एकत्र धरले तर ७१०० वेळा वापर असं निघालं. हा ७१०० चा आकडा लोक खूप फिरवतात, आणि त्यावरून कापडी पिशवी म्हणजे फसवणूक असं सांगतात, ते मला पटत नाही. एक तर सगळ्या निकषांमधला जो सगळ्यात वाईट निघाला तो धरून तो आकडा आलाय. आणि दुसरं म्हणजे पिशवी उडून नाल्यात गेली, समुद्रात गेली, जनावराच्या पोटात गेली तर काय होतं ते या हिशोबात धरलेलंच नाही. सुती पिशवी नाल्यात पडली तर काही महिन्यांत कुजायला लागते, प्लॅस्टिकची कुजत नाही, नुसते तुकडे होत जातात. जेलीफिश समजून कासवं पिशवी गिळतात हे तुमच्या मुलीने शाळेत ऐकलं असेल, ते खरंच आहे. तेव्हा मुलगी चुकत नाहीये. पण कापडी पिशवीचा फायदा ती विकत घेतल्याने होत नाही, ती शेकडो वेळा नेल्याने होतो, आणि एका घराला अशा तीन-चार पुरतात. अख्खा सेट घेतला की प्रत्येकीच्या वाट्याला वापर कमी येणार, म्हणजे जो आकडा गाठायचाय तो आणखी लांब जाणार. जास्तीच्या असतील त्या ज्यांच्याकडे नाहीत त्यांना देऊन टाका, आणि नवीन मागवणं बंद.

अजून एक, तिने मागवलेल्या पिशव्या खरंच कापडी आहेत का ते एकदा हातात घेऊन बघा. कार्यक्रमांमध्ये, दुकानांमध्ये मिळतात त्या कापडासारख्या पिशव्या बहुतेक वेळा नॉनवोव्हन असतात, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लॅस्टिकच. ओळखायची खूण सोपी आहे, जवळून बघितलं की अंगभर बारीक बारीक दाबल्यासारख्या ठिपक्यांची नक्षी दिसते, आणि कडेचा धागा ओढून बघितला तर उभा-आडवा धागा सुटत नाही, कापसासारखे केस निघतात. ती वाईट आहे असं नाही, अकरा-बारा वेळा वापरली की तिने आपला भार फेडला, आणि बऱ्यापैकी टिकते. फक्त ती कापड आहे असं समजून उन्हात-पावसात टाकू नका, उन्हाने तिचा भुगा व्हायला लागतो आणि तो भुगा प्लॅस्टिकचाच असतो.

आता खाण्याचं. इथे मात्र मी सासूबाईंच्या बाजूने नाही. सुटी पिशवी कसल्या प्लॅस्टिकची आहे, तिच्यात आधी काय होतं, रंग कुठला, हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. काळ्या आणि गडद रंगाच्या स्वस्त पिशव्या तर बहुतेक वेळा सरमिसळ जुन्या प्लॅस्टिकपासून बनवलेल्या असतात, त्यात खायचं काहीच ठेवू नका, अगदी धुतली असली तरी. गरम, तेलकट किंवा आंबट पदार्थ कुठल्याच साध्या पिशवीत भरू नका, उष्णतेने आणि तेलाने प्लॅस्टिकमधली इतर द्रव्यं जास्त सुटतात. ज्या पिशवीतून कच्चं मांस किंवा मासे आले ती धुऊन परत खाण्याच्या वस्तूसाठी वापरायची नाही, ती सरळ कचऱ्याच्या कामाला लावायची. छापील पिशवीची शाई बाहेरच्या बाजूला असते, म्हणून ती उलटी करून शाईची बाजू खाण्याला लागेल अशी कधी वापरू नये. बाकी सालासकट येणारी फळं, जी भाजी घरी आल्यावर धुणारच आहात ती, पाकिटात बंद असलेला किराणा, हे आणायला जुनी स्वच्छ पिशवी खुशाल वापरा, त्यात काही धोका नाही.

आणि धुण्याबद्दल सासूबाईंना पैकीच्या पैकी मार्क. अमेरिकेत २०११ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात लोकांच्या पुन्हा पुन्हा वापरायच्या पिशव्या तपासल्या होत्या, जवळपास सगळ्यांमध्ये भरपूर जिवाणू सापडले, कारण लोक पिशव्या धुतच नव्हते. हाताने किंवा मशीनमध्ये धुतल्यावर तेच जिवाणू ९९.९ टक्क्यांहून जास्त कमी झाले. म्हणजे मुलीच्या कापडी पिशव्या पण दर एक-दोन आठवड्यांनी कपड्यांबरोबर धुवायला टाका, नाहीतर त्या दिसायला छान आणि आतून घाण.

फक्त सासूबाईंची वाळवायची पद्धत थोडी बदलायला सांगा. पॉलिथिनचा खरा शत्रू ऊन आहे. वारंवार उन्हात वाळवलेली पिशवी काही काळाने वरून चांगली दिसते पण तिचा जीव गेलेला असतो, घडीवर चिरते, हँडल तटकन तुटतं. धुऊन झाल्यावर पिशवी उलटी करायची, तळाच्या दोन कोपऱ्यांत पाणी अडकतं ते झटकायचं, आणि सावलीत वाऱ्यावर लटकवायची, पूर्ण कोरडी झाली की परत सुलटी करून मगच घडी. जरा जरी ओल राहिली तर घडीत काळे ठिपके येतात आणि मग बोचक्याला जो कुबट वास येतो ना, तुम्ही पत्रात लिहिलाय तसा, तो त्या ओलीचा.

बोचकी उघडली की प्रत्येक पिशवी दोन बोटांत धरून चुरगाळा. कडक, कुरकुर आवाज करणारी पातळ पिशवी असते ती हाय डेन्सिटीवाली, वजन उचलायला चांगली पण टोकदार काही लागलं की सर्रकन फाटत जाते. मऊ, जाडसर, कमी आवाजाची ती लो डेन्सिटीवाली, ती ताणली जाते पण लगेच तुटत नाही, ओल्या वस्तूंना बरी. आता हँडल जिथे पिशवीला मिळतं तो कोपरा उजेडाकडे धरून बघा, पिशवी मरते ती बहुतेक तिथूनच, तिथे पांढरी ताणलेली रेघ दिसायला लागली की तिला वजन देऊ नका. मग तळाचे कोपरे बघा, सुईएवढं भोक असलं तरी ओलं सामान गळणार. आणि चुरगाळताना हाताला पांढरट भुकटी किंवा पापुद्रे लागले तर ती पिशवी आता एक दिवसही ठेवू नका, ती तुमच्या घरातच मायक्रोप्लॅस्टिक होतेय, लगेच वेगळी काढा. हे काम करायला सासूबाईंइतकं योग्य माणूस घरात दुसरं नाही, त्यांचा हात फिरलाय त्या पिशव्यांवरून.

निवडून झालं की जागा ठरवा. एकच डबा किंवा एकच पिशवी, त्यात मावतील तेवढ्याच ठेवायच्या, आणि तो भरला की नवीन आलेली जागा मागायला लागली म्हणजे समजायचं की आपण बाहेर जाताना पिशवी नेत नाही आहोत. तो डबा म्हणजे तुमचं मीटर. भरत चाललाय तर काहीतरी चुकतंय, हळूहळू रिकामा होतोय तर बरोबर चाललंय. आत्ता तीन बोचकी आहेत म्हणजे सासूबाईंचा दोष नाही, त्यांनी फक्त सगळ्यांनी आणलेल्या जपल्या, आणल्या सगळ्यांनीच.

नेण्याचं काय करायचं, कारण सगळे हेच म्हणतात की अहो पिशवी न्यायची विसरते. मला विचाराल तर आपण बाहेर पडताना विसरत नाही, घरी आल्यावर विसरतो. सामान ओट्यावर काढलं, रिकामी पिशवी तिथेच राहिली, मग ती आत गेली, आणि दुसऱ्या दिवशी निघताना पर्समध्ये नाही, गाडीत नाही. म्हणून सवय लावायची ती परत आल्यावरची, सामान काढलं की पिशवी त्याच मिनिटाला दाराच्या कडीला किंवा चपलांच्या स्टँडवर, म्हणजे उद्या जो कोणी बाहेर जाईल त्याच्या हाताला ती लागलीच पाहिजे. गाडीच्या डिकीत दोन, मुलीच्या दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात एक, नवऱ्याच्या ऑफिसच्या बॅगेत एक. आणि ती सपाट घडी न करता उभी दुमडून पट्टी करा, मग पट्टीच्या एका टोकापासून त्रिकोण त्रिकोण दुमडत न्या, शेवटचं टोक खोचून टाका, एवढुसा पुडा होतो, खिशात कळतही नाही. हे काम मुलीला द्या, मुलांना ते जाम आवडतं.

आणि दुकानात वस्तू घ्यायच्या आधी पिशवी काउंटरवर ठेवायची, आधी, नंतर नाही. समोरचा माणूस सवयीने वस्तू पिशवीत घालून मोकळा होतो आणि मग नको म्हणायला आपल्याला संकोच होतो, त्याने भरलेली पिशवी परत काढायला लावायची म्हणजे भांडण केल्यासारखं वाटतं. एक गोळ्यांची पट्टी, एक वही, एक साबण, याला पिशवी लागतच नाही, हातात घ्या. हे ऐकायला फार छोटं वाटतं पण पिशव्यांची संख्या खरोखर कमी होते ती इथेच, काउंटरवर. आयर्लंडने २००२ मध्ये प्रत्येक पिशवीवर १५ सेंट कर लावला, फार मोठी रक्कम नाही, पण देताना विचारलं जायला लागलं की पिशवी हवी का, आणि बघता बघता पिशव्यांचा वापर ९० टक्क्यांहून जास्त घसरला. त्याच वर्षी बांगलादेशाने पातळ पॉलिथिन पिशव्यांवर बंदी घातली, असं करणारा तो पहिला देश, कारण पुरात त्यांच्या गटारांची तोंडं पिशव्यांनी बुजलेली सापडत होती. मुलीला हे पण सांगा, ती ज्या गोष्टीसाठी घरात भांडतेय ती खरी आहे, फक्त भांडण आजीच्या बोचक्याशी नको, काउंटरवर हो म्हणण्याशी हवं.

आता कचऱ्याच्या डब्याचं बघू, कारण बहुतेक घरात जुन्या पिशवीचं शेवटचं काम तेच असतं. कॅलिफोर्नियातल्या शहरांमध्ये पिशव्यांवर बंदी आली तेव्हा काय झालं याचा अर्थशास्त्रज्ञ रेबेका टेलर यांनी अभ्यास केला, तो २०१९ मध्ये छापून आला. दुकानातल्या पातळ पिशव्या कमी झाल्या हे खरं, पण लोक ज्या पिशव्या डस्टबिनला लावायचे त्या मिळेनाशा झाल्यावर त्यांनी विकतच्या कचरा पिशव्या घ्यायला सुरुवात केली, सगळ्यात लहान साइजच्या पिशव्यांची विक्री दुपटीहून जास्त वाढली. त्या पिशव्या जाड असतात, त्यामुळे वाचलेल्या प्लॅस्टिकमधला चौथ्या हिश्शाहून जास्त भाग तर त्यातच परत गेला. याचा अर्थ बंदी वाईट असा मी काढत नाही, बाकीचं सुमारे सत्तर टक्के वाचलंच की. पण तुमच्या घरापुरता अर्थ असा की आज तीन बोचकी फेकलीत आणि पुढच्या महिन्यात कचऱ्यासाठी काळ्या पिशव्यांचा रोल विकत आणलात तर तुम्ही सासूबाईंपेक्षा मागे गेलात.

ओला कचरा मात्र पिशवीत बांधून देऊ नका, प्लॅस्टिकमध्ये कोंडलेला ओला कचरा नीट कुजत नाही आणि खत करणाऱ्यांना ती पिशवी फाडत बसावी लागते. ओल्याच्या डब्याला काही लावायचंच नाही, रोज रिकामा करून धुवायचा. जुन्या पिशव्या कोरड्या कचऱ्याला, सॅनिटरी कचऱ्याला, आणि घरात पाळीव प्राणी असेल तर त्याच्या मागे साफ करायला वापरा. जी पिशवी पाच-सात वेळा सामान वाहून थकली तिनेच हे काम करावं, चांगली धडधाकट पिशवी पहिल्याच दिवशी डस्टबिनला लावणं म्हणजे तिचे बाकीचे फेरे वाया घालवणं.

नवऱ्याने सुचवलंय ना की मग बायोडिग्रेडेबल पिशव्या आणू, तर त्याबद्दल. ब्रिटनमधल्या प्लिमथ युनिव्हर्सिटीच्या इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी वेगवेगळ्या पिशव्या जमिनीत पुरून, समुद्रात बुडवून आणि हवेत टांगून ठेवल्या. २०१९ मध्ये त्यांनी निकाल छापला, तीन वर्षं माती किंवा समुद्रात राहिल्यावरसुद्धा ज्यावर बायोडिग्रेडेबल लिहिलं होतं ती पिशवी बाजारहाटाचं सामान उचलत होती. कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होईल असं सांगितलेली पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली, पण मातीत २७ महिन्यांनीही तिचा सांगाडा होता, फक्त वजन पेलत नव्हता. कंपोस्टेबल पिशवीला कुजायला बहुतेक वेळा मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातली ठरावीक उष्णता आणि ओलावा लागतो, घरच्या कुंडीत तसं होईलच असं नाही. आणि ऑक्सो नावाने येतात त्या पिशव्यांचे तर नुसते लवकर तुकडे होतात, युरोपियन युनियनने २०१९ च्या कायद्यात त्यावर बंदीच घातलीय. तेव्हा त्या हिरव्या पानाच्या चित्रासाठी पैसे घालवू नका, आणि जाड पिशवी म्हणजे चांगली असंही मानू नका. कॅलिफोर्नियाने जाड पिशव्यांना पुन्हा वापरता येतील म्हणून सूट दिली होती, लोकांनी त्याही एकदाच वापरून फेकल्या, शेवटी २०२४ मध्ये कायदा बदलून ती सूट काढावी लागली. पिशवी कितीही जाड असो, ती परत नेली नाही तर ती एकदाच वापरायची पिशवी.

ज्या पिशव्या निवडताना बाद ठरतील त्या सुट्या सुट्या कचऱ्यात टाकू नका. सुटी पिशवी वाऱ्याने उडते, आणि कचरा वर्गीकरण करणाऱ्या मशीनमध्ये गेली तर फिरणाऱ्या चकत्यांना गुंडाळली जाते, मग मशीन थांबवून माणसं आत उतरतात आणि ब्लेडने ती गुंडाळी कापून काढतात, रोज. म्हणून स्वच्छ, कोरड्या बाद पिशव्या एकाच पिशवीत ठासून भरा, तोंड बांधा, आणि मऊ प्लॅस्टिक वेगळं घेणारं कोणी असेल तर त्यांना तो गठ्ठा द्या, नसेल तर कोरड्या कचऱ्यात अख्खा गठ्ठाच द्या. जाळू नका, बंबात नाही, अंगणात नाही, शेकोटीत नाही, त्या धुराने घरच्यांच्याच छातीचं नुकसान होतं. आणि घरात लहान मूल येत-जात असेल तर डबा वरच्या फळीवर ठेवा. पातळ पिशवी नाका-तोंडाला चिकटली की लहान बाळाला ती काढता येत नाही, ही भीती अजिबात अवाजवी नाही.

आता सासूबाई. ताई, तुम्ही त्यांना "साठवायचा रोग" आहे असं लिहिलंय, तो शब्द घरात कधी वापरू नका. ज्यांनी वस्तूंची टंचाई बघितलेली असते त्यांच्या हाताला टाकणं जमत नाही, आणि पिशवीच्या बाबतीत तो हात शहाणाच आहे. त्या गावाला गेल्यावर बोचकी गायब झाली तर परत आल्यावर त्या दोन गोष्टी शिकतील, एक म्हणजे सून आपल्या मागे आपल्या वस्तूंना हात लावते, आणि दुसरं म्हणजे यापुढे लपवून ठेवायला हवं. मग बोचकी पलंगाखाली जातील. त्याऐवजी एक दुपार त्यांच्या शेजारी बसा, तीनही बोचकी मध्ये ओता आणि त्यांना म्हणा, "आई, यातल्या चांगल्या कुठल्या ते तुम्हीच सांगा, मला रोज बाहेर न्यायला लागणार आहेत." हे वाक्य महत्त्वाचं आहे, कारण पिशवी वापरात जातेय हे दिसलं की टाकायची बाद पिशवी त्या स्वतःहून बाजूला काढतील, त्यांचा जीव पिशवीत नाही, वाया जाण्यात अडकलाय. मुलीला पण त्या दुपारी बसवा. आजीला घडी येते, नातीला आकडे माहीत आहेत, दोघींना एकमेकींचं पटेल असं बरंच आहे, फक्त त्या आत्तापर्यंत तुमच्यामार्फत बोलतायत.

नवऱ्याला तिथे बसवायची गरज नाही, त्याला फक्त त्याच्या बॅगेत एक पुडा ठेवून द्या आणि सांगा की आजपासून तू हातात नवीन पिशवी घेऊन घरी यायचं नाहीस. पसारा कमी हवाय ना त्याला, मग पसारा आत येतो त्यातला त्याचा वाटा त्याने थांबवावा. पहिले दोन-तीन आठवडे तो विसरेल, तेव्हा बोलू नका, नवीन पिशवी घेऊन सरळ डब्यात घाला आणि त्याची दुसरी जुनी पट्टी करून बॅगेत टाका. महिन्याभराने डब्यात पिशव्या वाढल्यात की कमी झाल्यात ते मला लिहून कळवा, आणि वाढल्या असतील तर त्या कुठून आल्या तेवढं बघून लिहा, म्हणजे पुढचं त्यावर बोलता येईल.